शिवडीचा दिवा आणि हवाईची फळी

दोस्तांनो, समुद्रावर गेलात की तुम्ही काय करता? वाळूत किल्ला बांधता, लाटांमध्ये पाय भिजवता, मग भेळ खाता. बरोबर ना? पण आपल्या मुंबईत एक समुद्र असा आहे, की जिथे वाळू नाही, लाटा नाहीत आणि भेळवाला तर मुळीच नाही. तिथे आहे फक्त चिखल. काळाभोर, चकचकीत आणि पाय टाकलात तर गुडघ्यापर्यंत आत ओढून घेणारा. हा शिवडीचा समुद्र. मी त्याच्याच शेजारी लहानाचा मोठा झालो.

गेल्या महिन्यात माझी पुतणी सई सुट्टीत आमच्याकडे राहायला आली. आठवीत आहे. प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही! एका संध्याकाळी ती कुठलंसं मासिक घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"काका, हे बघ. एका जुन्या फळीला लाखो रुपये मिळाले म्हणे. नुसती फळी! तीसुद्धा ओरखडे पडलेली."

चित्रात एक लांबट, टोकाला निमुळती होत गेलेली फळी होती. सर्फबोर्ड! लाटेवर उभं राहून किनाऱ्यापर्यंत घसरत यायची ती फळी. तिचीच एक धाकटी बहीण असते, बेलीबोर्ड. तिच्यावर उभं राहत नाहीत, पोटावर पालथं पडून लाटेबरोबर यायचं.

"पण जुन्याला जास्त पैसे का? आपली जुनी सायकल भंगारवाल्याने किती कमी पैशांत नेली!" सईने विचारलं.

मी म्हटलं, "याचं उत्तर घरात बसून द्यायला जमणार नाही. उद्या सकाळी आपण फिरायला जाऊ."

"हवाई बेटावर?"

"नाही. शिवडीला!"

*

हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवर उतरून आम्ही पूर्वेकडे चालू लागलो. मोठाले ट्रक, गोदामं आणि धूळ. दिसायला हा रस्ता काही सुंदर नाही. पण इथली नावं नीट ऐका. हे बंदर, कोळसा बंदर, लकडी बंदर, कौला बंदर. बंदर म्हटल्यावर मोठी गोदी डोळ्यांपुढे आणू नका. हे छोटे धक्के. ज्या धक्क्यावर जो माल उतरायचा, त्याचंच नाव त्या धक्क्याला! कौलं उतरायची ते कौला बंदर, लाकूड उतरायचं ते लकडी बंदर. 'हे बंदर' म्हणजे 'हे' आणि 'ते' यांतलं 'हे' नव्हे बरं का! इंग्रजीत वाळलेल्या गवताला 'हे' म्हणतात. मुंबईत घोडागाड्या होत्या, तेव्हा घोड्यांना लागणारं गवत इथे उतरायचं. घोडे गेले, गवत गेलं, नाव तेवढं राहिलं.

थोडं पुढे गेल्यावर टेकाडावर शिवडीचा किल्ला लागतो. इंग्रजांनी तो १६८० साली बांधला. समुद्रावर नजर ठेवण्यासाठी हा पहारा. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा त्याचं सैन्य या शिवडीलाच उतरलं होतं. किल्ल्याचा दरवाजा गंमतीदार आहे. समोरून धावत येऊन सरळ आत घुसता येऊ नये, म्हणून तो काटकोनात वळवलेला आहे. पुढे लढायांचे दिवस संपले आणि किल्ल्याला कुणी विचारेनासं झालं. कधी तो तुरुंग झाला, कधी पोर्ट ट्रस्टचं गोदाम. आज तो संरक्षित वास्तू आहे.

"म्हणजे किल्लासुद्धा मधे भंगारातच गेला होता की!" सई म्हणाली.

शाबास! मला जे सांगायचं होतं, त्याची सुरुवात तिने स्वतःच केली.

तटावरून खाली पाहिलं. ओहोटीची वेळ होती. लांबवर चिखल पसरलेला, मधे तिवरांची हिरवी झुडपं आणि चिखलात टेकलेल्या काही जुन्या बोटी. डावीकडून नवा अटल सेतू समुद्रात झेपावलेला. शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा हा पूल १२ जानेवारी २०२४ला सुरू झाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत याच चिखलात हजारो रोहित पक्षी येतात. आपण त्यांना फ्लेमिंगो म्हणतो. तुम्हाआम्हाला हा चिखल घाणेरडा वाटतो, पण त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव म्हणजे त्यांचं ताट वाढून ठेवलेलं!

"काका, इथे सर्फिंग करता येईल का?"

"लाटच नाही, तर करणार कशावर? इथे फळी टाकलीस तर ती चिखलात रुतून बसेल."

आणि रुतून बसण्यावरूनच मला खरी गोष्ट आठवली.

*

किल्ल्यावरून उतरून आम्ही पुन्हा लोकल पकडली आणि कॉटन ग्रीन सोडून रे रोडला उतरलो. इथे पूर्वेला आहे दारूखाना. नाव ऐकून हसू नका. ही दारू म्हणजे बंदुकीची दारू. पण मुंबईत दारूखाना ओळखला गेला तो एका वेगळ्याच कामासाठी. म्हाताऱ्या झालेल्या जहाजांचे हे शेवटचं बंदर!

जहाज म्हातारं झालं की दुरुस्तीला परवडत नाही. मग ते मोडीत काढायचं. त्यासाठी भरतीच्या वेळी ते किनाऱ्याकडे आणायचं. ओहोटी लागली की पाणी मागे हटतं आणि जहाज चिखलात बसतं. मग माणसं त्यावर चढतात आणि गॅसच्या ज्योतीने पोलाद कापायला लागतात. हे काम फार जोखमीचं. वरून पत्रे कोसळतात, टाक्यांमध्ये उरलेल्या वायूचा भडका उडतो, जुन्या जहाजांमधल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. कितीतरी कामगारांनी इथे हातपाय गमावले, काहींनी जीवही. १९८३पासून गुजरातमध्ये अलंगला हेच काम फार मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. पण आमच्या लहानपणी जहाज मोडायचं म्हटलं की दारूखानाच.

आमच्या चाळीत तात्या राहायचे. ते दारूखान्यात गॅस कटर होते. बोलणं कमी. हातावर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग. एकदा चार महिने ते एकच जहाज कापत होते. शेवटच्या दिवशी त्यातला एक पितळी दिवा त्यांनी मुकादमाला वजनाचे पैसे देऊन विकत घेतला आणि आमच्या घरी आणून दिला. त्यांच्या खोलीत टांगायला जागा नव्हती आणि माझ्या आईने त्यांच्या आजारपणात डबा पोचवला होता, म्हणून.

काय दिवा होता तो! जाड भिंगाची काच, वर धूर जायला नक्षीचं टोपण आणि पोटावर एक छोटी पट्टी. तिच्यावर जहाजाचं नाव कोरलेलं. पावसाळ्यात चाळीतली वीज गेली की सगळी मुलं आमच्या दारातल्या त्या दिव्याखाली अभ्यासाला बसायची. म्हणजे, अभ्यास कमी आणि भुतांच्या गोष्टीच जास्त.

१९७७ साल. मी सातवीत होतो. मला बॅट हवी होती. वडील म्हणाले, "दिवाळीत बघू." मला तर ती शनिवारच्या मॅचलाच हवी होती! दिव्याची काच तेव्हा तडकली होती. मी स्वतःला सांगितलं, फुटका तर आहे. दुपारी आई झोपली असताना भंगारवाल्याची हाळी आली आणि मी दिवा खाली घेऊन गेलो. त्याने हातोडीने काच फोडून टाकली, ती पट्टी उचकटली आणि उरलेलं पितळ तराजूत घातलं. दोन किलोला थोडं कमी भरलं. सव्वीस रुपये हातात पडले.

बॅट आली. मॅचही जिंकलो. संध्याकाळी वीज गेली आणि आईने अंधारात खुंटी चाचपली.

त्या रात्री मला मार बसला नाही. बसला असता तर बरं झालं असतं. तात्या आले, खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पितळ विकलंस ते विकलंस रे. नाव तरी लिहून ठेवायचंस. एवढं मोठं जहाज माझ्या हातांनी संपलं. त्याचं तेवढंच काय ते उरलं होतं."

दोस्तांनो, त्या जहाजाचं नाव मला आज आठवत नाही. तात्या जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता विचारायचं तरी कुणाला?

सई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आता तो दिवा कितीला गेला असता?"

मी म्हटलं, "चल, आता तुझ्या फळीकडे वळू."

*

हवाई बेटांवरचे लोक शेकडो वर्षांपासून लाकडी फळ्यांवर लाटा खेळत आले आहेत. 'ओलो' नावाची सगळ्यांत लांब फळी मानकऱ्यांची आणि आखूड 'पाइपो' पोटावर झोपून खेळायची. तिथल्या सरदारांच्या काही जुन्या फळ्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. पोहण्यात १९१२ साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या हवाईच्या ड्यूक कहानामोकूने हा खेळ देशोदेशी नेला. तुमचे आईबाबा ज्यांच्या रहस्यकथा वाचतात, त्या अगाथा ख्रिस्तीसुद्धा १९२२ साली दक्षिण आफ्रिकेत आणि हवाईत या खेळाच्या नादी लागल्या होत्या! इंग्लंडमध्ये तर पुढचं टोक वर वळवलेले प्लायवूडचे बेलीबोर्ड घेऊन घरचे आजी-आजोबासुद्धा समुद्रात उतरायचे.

मग काय झालं? १९५०च्या दशकात लाकडाऐवजी फोम आणि फायबरग्लासच्या हलक्या फळ्या आल्या. १९६०च्या दशकाच्या शेवटी आखूड फळ्यांची टूम निघाली आणि लांब फळ्या रातोरात 'जुनाट' ठरल्या. कुणी त्या गॅरेजमध्ये फेकल्या, तर कुणी कापून, तासून त्यांच्याच आखूड फळ्या केल्या. त्यांना कुणी भाव देईना. पुढे वीस-तीस वर्षं गेली. त्या फळ्यांवर खेळलेली पोरं मोठी झाली, कमावती झाली आणि त्यांना आपलं लहानपण आठवलं. ती शोधायला निघाली, तेव्हा कळलं की धड उरलेल्या फळ्या फारच थोड्या आहेत. झालं! लिलाव सुरू झाले, किमती हजारो डॉलरवर गेल्या.

बघा, फळी तीच, ओरखडे तेच. बदललं काय? एक, ती वस्तू दुर्मीळ झाली. दोन, ती हवी असणारी माणसं तयार झाली. आणि तीन, ती कुणी बनवली, कुणी वापरली हे सांगता येऊ लागलं. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. नुसत्या जुन्या फळीला थोडे पैसे, पण 'ही अमक्याने बनवली, तमक्याने वापरली, हा बघा त्याचा फोटो' म्हटलं की किंमत कुठल्या कुठे!

आपल्याकडे जुने सर्फबोर्ड कुठून मिळणार? पण जहाजांचं म्हणाल, तर तीच कथा. दारूखान्यात मोडलेल्या जहाजांच्या गोल खिडक्या, होकायंत्रं, घड्याळं, सागवानी पेट्या आणि कंपनीचं नाव छापलेल्या बश्या हे सगळं एके काळी वजनावर जायचं. त्यातलं काही चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर पोचायचं. आज तीच गोल खिडकी कुणी आरशाची चौकट म्हणून भिंतीवर लावतं, आणि पितळाच्या भावाच्या कितीतरी पट मोजून.

*

पण पैशाचं सोडून द्या. दोन जहाजांची गोष्ट ऐका.

आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया नावाचे जहाजबांधणीतले मोठे उस्ताद होते. त्यांनी मलबारच्या सागवानातून एक लढाऊ जहाज बांधलं. नाव 'ट्रिंकोमाली'. १२ ऑक्टोबर १८१७ला ते मुंबईत पाण्यात उतरलं. पुढे ते जुनं झालं, मुलांना नाविक शिक्षण देण्यासाठी वापरलं गेलं, पण मोडलं नाही. लोकांनी वर्गणी आणि देणग्या जमवल्या, अनेक वर्षं खपून ते दुरुस्त केलं. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी ते पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षांहून जुनं आणि मूळ मुंबईचं!

दुसरं जहाज आपलं 'विक्रांत'. भारताची पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ला ती नौदलात आली. १९७१च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवला. ३१ जानेवारी १९९७ला ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं. मी सईच्या बाबांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला घेऊन ते पाहून आलो होतो. पण जहाज समुद्रात सांभाळायचं म्हणजे रोज खर्च. शेवटी २०१४ साली ती सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि मोडायला आणली. कुठे, ओळखा पाहू! याच दारूखान्यात. सुमारे २१३ मीटर लांबीची ती नौका याच चिखलात टेकली.

तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून एका कंपनीने २०१६ साली मोटारसायकलमध्ये वापरला. ती मोटारसायकल घ्यायला लोकांची झुंबड उडाली. का? पोलाद तर बाजारात हवं तेवढं मिळतं. लोकांना हवं होतं ते 'विक्रांत'चं पोलाद. नाव होतं म्हणून मोल होतं. नाव पुसलं असतं तर उरला असता तो लोखंडाचा तुकडा.

२ सप्टेंबर २०२२ला कोचीत नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. नाव पुढे चालू राहिलं, हेही नसे थोडके.

*

घरी आलो तर सईने बॅगही खाली ठेवली नाही. सरळ माझ्या आईपुढे जाऊन बसली.

"आजी, आपल्याकडे जुनं काय काय आहे?"

"जुनी मीच आहे बाई!" आई हसली. मग उठून तिने कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात बटणं, सुया, सुटे पैसे आणि तळाशी एक गोल पितळी बिल्ला. मधोमध नंबर ठोकलेला.

"हा तुझ्या आजोबांचा. गिरणीत कामाला जाताना हाच घेऊन जायचे. साचेखात्यात होते ते. ब्याऐंशीचा संप झाला, त्यानंतर काही त्यांची गिरणी चालू झाली नाही. पण बिल्ला त्यांनी टाकू दिला नाही."

त्याच्यासोबत एक पिवळट कागद निघाला. कोकणच्या बोटीचं तिकीट! भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने आजोबा गणपतीला गावी जायचे. कोकणातल्या त्या बोटी कधीच बंद झाल्या. हजारो माणसांनी अशी तिकिटं फाडून समुद्रात उडवली असतील. हे एक कसं कोण जाणे, राहिलं.

"भंगारात याचे किती येतील?" सईने बिल्ला तळहातावर तोलत विचारलं. पण या वेळी तिच्या आवाजात थट्टा होती.

तिने नवी वही काढली. पानावर रेघा आखल्या. वस्तू, कुणाची, कुठून आली, कुणी सांगितलं, तारीख. आईला विचारून विचारून तिने बिल्ल्याचं सगळं लिहून काढलं. आजोबांचं पूर्ण नाव, गिरणी, खातं, कामाला लागल्याचं साल. आईला काही आठवेना तेव्हा तिने गावी आत्याला फोन लावला. तासभर नुसतं बोलणं चाललं होतं. आजोबांबद्दलच्या दोन गोष्टी तर मलाही नव्याने कळल्या.

मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुझा दिवासुद्धा लिहू?"

"अगं, तो कुठे आहे आता?"

"वस्तू नाही, पण माहिती आहे ना!" आणि तिने लिहिलं: जहाजाचा पितळी दिवा. तात्यांनी दिलेला. दारूखाना. १९७७मध्ये विकला, सव्वीस रुपये.

जहाजाचं नाव, या रकान्यापुढे तिची पेन्सिल थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने ती जागा कोरी ठेवली.

दोस्तांनो, या रविवारी एक काम करा. आजी-आजोबांजवळ बसा आणि डबे उघडा. काय सांगावं, तुमच्या घरातही एखादा दिवा असेल. त्याचं नाव अजून कुणाला तरी आठवत असेल, तोवर लिहून घ्या!

*

जुनी वस्तू सापडली तर...

• घासूनपुसून लख्ख करू नका. पितळावरची काळपट झाक आणि कागदाचा पिवळेपणा हाच जुनेपणाचा पुरावा असतो. फक्त मऊ, कोरड्या फडक्याने धूळ झटका.

• वस्तूवरची अक्षरं, नंबर, शिक्के वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या. एक फोटो काढा.

• वस्तूची माहिती सांगणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

• बाजारात 'जहाजावरची' म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू जुनी नसते. पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी आपल्याकडे रुरकी, मुरादाबादला नव्याने बनतात. शोभेसाठी त्या छानच असतात, पण त्यावर जुनं साल कोरलेलं आहे म्हणून ती वस्तू त्या सालची ठरत नाही.

• आईबाबांसाठी : आपल्या देशात १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाहीत.

• आणि सगळ्यांत महत्त्वाचं : पैसे मिळतील म्हणून संग्रह करू नका. भाव आज चढतो, उद्या उतरतो. वस्तूची गोष्ट मात्र तुमच्याजवळच राहते.